ओरा-टू-पीजी: टेबलं छान हलवतं, पण सॉफ्टवेअर दुसऱ्याचं असेल तर जपून

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत स्टॉक आणि चलानाचं सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेलं आहे, ओरॅकल या पैसे मोजून घ्यायच्या डेटाबेसवर चालणारं. लायसन्सचं बिल पाहून साहेबांनी विचारलं, हेच पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसवर नेता येईल का? सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, पोस्टग्रेसला आमचा सपोर्ट नाही. काही बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा." तरी मी वेगळ्या सर्व्हरवर ट्रायल घेतली.

ओरा-टू-पीजी हे ओरॅकलमधली टेबलं, डेटा आणि कोड पोस्टग्रेसमध्ये नेणारं, पर्ल भाषेत लिहिलेलं फुकट टूल. ओरॅकल क्लायंट आणि पर्लचे ड्रायव्हर बसवण्यातच माझा अख्खा दिवस गेला. पण एकदा चालू झाल्यावर त्याने मन जिंकलं. ओरॅकलच्या डेट कॉलममध्ये वेळही असते, हे ओळखून त्याने तो कॉलम टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ दोन्ही) केला. हाताने केलं असतं तर चलानाची वेळ मी नक्की गमावली असती. शेवटी दोन्हीकडच्या ओळी मोजून दाखवल्या, सगळ्या जुळल्या. काम किती अवघड, याचा ग्रेडही ते देतं. आम्हाला 'बी' मिळाला, म्हणजे थोडा कोड बदलावा लागेल, पण पाच दिवसांच्या आत.

इथे मी फसले. तो ग्रेड फक्त डेटाबेसच्या आत असलेल्या गोष्टींचा होता, म्हणजे टेबलं आणि प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड). एक्झीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांनी बंद करून दिलेल्या प्रोग्रॅमच्या आत काय लिहिलंय, ते टूलला कसं दिसणार?

दुसऱ्या दिवशी ट्रायलवर चलानं करून पाहणारे गोडाऊनचे काका म्हणाले, "ताई, कालपर्यंतची पेंडिंग चलानं दिसतात, आजची एकही नाही." तासभर डोकं फोडल्यावर कारण सापडलं. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल (म्हणजे माहितीच नाही) समजतं, पोस्टग्रेस दोन्ही वेगळे मानतं. गाडी नंबर रिकामा असलेली जुनी चलानं नल म्हणूनच आली होती, नवी मात्र रिकामा मजकूर म्हणून सेव्ह झाली. पेंडिंगची यादी नल शोधते, त्यामुळे नवी गायब. ट्रिगर (ओळ सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड) लावून तेवढं सुधारलं, पण असे अजून किती कॉलम आहेत हे कळायला मार्ग नव्हता. ओराफ्सी या पोस्टग्रेसच्या जोडणीमुळे एनव्हीएल, डिकोड, ड्युअल या ओरॅकलच्या खास गोष्टी चालल्या. दोन टेबलं जोडायची ओरॅकलची जुनी अधिक चिन्हाची पद्धत (आउटर जॉइन) मात्र सर्च स्क्रीनच्या क्वेरीत होती, आणि ती एक्झीत बंद. तिथे सरळ एरर.

प्रोसिजर मी बदलू शकले, एक्झी नाही. स्वतःच्या सॉफ्टवेअरला मी हे टूल डोळे झाकून सुचवेन, पाचपैकी पाच. बाहेरच्या सॉफ्टवेअरला आधी एक्झीतल्या क्वेरी ओरॅकलच्या ट्रेसमध्ये (चाललेल्या क्वेरींच्या नोंदीत) पकडून पाहा, मगच ग्रेड वाचा. मी उलटं केलं.

आता रोज रात्री ओरॅकलची कॉपी पोस्टग्रेसमध्ये येते आणि महिन्याचे रिपोर्ट मी तिथून काढते, दिवसा कोणाची स्क्रीन अडत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडून लेखी होकार येईपर्यंत चलानं ओरॅकलवरच राहतील, हे मी साहेबांना मेलवर कळवलंय.