सॅम्पल एक, टेम्पोत भलतंच : बाथरूमच्या टाईल्स घेताना

बाथरूमची फरशी घ्यायला निघाला असाल तर डिझाइन नंतर बघा, आधी खोक्याच्या कडेवर काय छापलंय ते वाचा. कंपनी, साईज, ग्रेड, बॅच आणि शेड नंबर, सगळं तिथे असतं.

कोथरूडला आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम यंदा उकरलं. आई-बाबा सत्तरीपुढचे, त्यामुळे अट एकच : पाय घसरता कामा नये. कात्रज भागातल्या एका मोठ्या दुकानात सेल्समनने १२ बाय १२ची राखाडी मॅट टाईल काढली. "आर-११ आहे साहेब. प्रीमियम माल, डायरेक्ट मोरबीचा." (देशातली बहुतेक टाईल गुजरातेतल्या मोरबीचीच असते, त्यात कौतुक ते काय!) आईने चप्पल काढून तिच्यावर पाय घासून बघितला. छान खरखरीत होती. आर-९ ते आर-१३ अशी ही घसरणीची प्रतवारी जर्मन चाचणीतली. आकडा मोठा तेवढी पकड जास्त. आम्ही ॲडव्हान्स भरला, तर हातात एस्टिमेटची चिठ्ठी. "पक्कं बिल केलं तर वर १८ टक्के जीएसटी, कशाला उगाच?"

माल आला रात्री उशिरा. हमालांनी खोकी जिन्याखाली रचली आणि सकाळी मिस्त्री कामाला लागला. वरच्या खोक्यातला माल हुबेहूब सॅम्पलसारखा. खालची खोकी फुटली तशी टाईल हाताला गुळगुळीत लागायला लागली, रंगही जरा पिवळट. बाबांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं. त्यांनी दोन टाईल तोंडाला तोंड लावून जमिनीवर ठेवल्या आणि कोपरा दाबला, तर वरची डुगडुगली. माल बाकदार. अशा फरशीला न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार कितीही नीट दिला तरी कडा वरखाली राहतात आणि पाणी साचतं. मग टाईल पालथी करून पाठीवर चमचाभर पाणी टाकलं. बघता बघता पिऊन टाकलं. भिंतीची सिरॅमिक टाईल अशी पाणी पिते. चांगल्या व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाईलच्या पाठीवर थेंब तसाच उभा राहतो.

शेवटी खोक्यावरचा 'प्रीमियम'चा स्टिकर नखाने उचकटला. खाली छापलेलं होतं : कमर्शियल. म्हणजे प्रीमियमच्या खालची ग्रेड.

दुकानदार फोनवर म्हणाला, "लॉट बदलला की शेड बदलते." हे अर्धं खरं आहे, म्हणून तर सगळी खोकी एकाच बॅचची मागायची. पण लॉट बदलला म्हणून ग्रेड बदलत नाही. मिस्त्रीचं म्हणणं, "साहेब, सांध्यांत ग्राउट भरलं की काही कळणार नाही." दुकान त्यानेच सुचवलं होतं. फुटामागे त्याचं कमिशन ठरलेलं, हे त्याच्याच हाताखालचा पोरगा बोलून गेला.

मोजमापातली गंमत वेगळीच. १२ बाय १२ म्हणतात ती टाईल ३०० मिलिमीटरची, म्हणजे पुरता फूट नाही. १० टाईलचं खोकं भरतं ९.६९ चौरस फूट, पैसे मात्र १० फुटांचे. १०० फुटांमागे तीन फूट फरशी नुसती कागदावर. तेव्हा भाव चौरस फुटाचा न विचारता खोक्याचा विचारा. आणि ग्रेड, बॅच, आर नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद कामी येतो.

आमच्याकडे बिल नव्हतं. ॲडव्हान्सची यूपीआय नोंद आणि 'आर-११ प्रीमियम' असा सेल्समनचा व्हॉट्सॲप मेसेज तेवढा होता. तो दाखवून वकिलाची नोटीस धाडतो म्हटल्यावर न फोडलेली खोकी परत घेतली, तीही १५ टक्के कापून. लावलेल्या फरशीचे पैसे, ती उकरायची मजुरी आणि राडारोडा न्यायचा टेम्पो आमच्या खिशातून.