गॅझेटमधून नाव बदलताना: सेवा सोपी, पण स्पेलिंग आधी पक्कं करा

चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाची राजपत्रातून (म्हणजेच गॅझेटमधून) नाव बदलण्याची सेवा घरबसल्या वापरता येते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि बदलाच्या कारणाचा कागद (विवाह नोंदणी दाखला, घटस्फोटाचा हुकूम किंवा प्रतिज्ञापत्र) स्कॅन करून जोडायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं. सूचना साप्ताहिक राजपत्राच्या भाग दोनमध्ये येते, तिची पीडीएफ उतरवून घ्यायची. एजंटही हाच फॉर्म भरतात, वर पैसे घेतात. या सेवेला पाचपैकी चार गुण.

खरी मेहनत फॉर्म उघडण्याआधी. जुनं नाव मुख्य दाखल्यावर आहे तसंच, काना-मात्रेसकट उतरवा. चौधरीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए-यू’ की ‘ओ-यू’, शेवटी ‘आय’ की ‘वाय’? पॅनवर एक आणि पासबुकावर दुसरं असेल, तर पुढे कायम वापरायचं तेच नव्या नावात टाका. तुम्ही लिहाल तेच छापलं जातं. नंतर चूक दिसली की पुन्हा खटपट.

कोकणातून मुंबईत आलेल्या घरांचा पेच वेगळा. सातबाऱ्यावर नाईक किंवा प्रभू, आणि शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं पेडणेकर, वेंगुर्लेकर. दोन्ही आडनावं खरी, पण वारसनोंदीला अडतात. अशा वेळी राजपत्रासोबत ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवावं.

लग्नानंतर आडनाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, हे अजूनही कितीतरी मुलींना कुणी सांगत नाही. बदलायचंच तर मधल्या नावाचाही निर्णय त्याच अर्जात घ्या: वडिलांचं ठेवायचं की नवऱ्याचं. ‘पवार-जोशी’सारखं जोडआडनाव घेताना जोडरेघ टाळलेली बरी; काही ऑनलाइन फॉर्म ती घेतच नाहीत.

तान्ह्या बाळासाठी इथे येऊ नका. जन्मनोंदीत नाव घालणं आणि त्यातली चूक सुधारणं हे पालिकेच्या वॉर्डातल्या जन्म-मृत्यू निबंधकाचं काम. नाव 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव या क्रमाने लिहिलं जातं.

राजपत्र हाती आलं की आधी आधार, मग पॅन, बँक, पासपोर्ट. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे ती संधी स्पेलिंगच्या घोळात घालवू नका.