जाकोमो लिओनीचं काम बघायचंय: लाइमला जावं की क्लँडनला?

लंडनहून क्लँडन जवळ आणि मँचेस्टरहून लाइम जवळ, एवढ्यावर ठरवणार असाल तर पुढचं वाचू नका. पण इंग्लंडात एकच दिवस मोकळा आहे आणि इटलीतून आलेल्या एका वास्तुकाराने इंग्रज जमीनदारांना नेमकं काय बांधून दिलं ते बघायचंय, असं असेल तर निवड अवघड आहे. लाइमची हवेली फर्निचर-पडद्यांसकट उभी आहे, क्लँडनची आतून जळून गेली आहे. आणि तरीही मी सरसकट पहिलीचं नाव घेणार नाही.

आधी माणसाबद्दल थोडं. जाकोमो लिओनी मूळचा व्हेनिसचा, जन्म १६८६ च्या सुमाराचा. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या दरबारी काही काळ काम करून तो इंग्लंडला आला. नाव झालं ते इमारतीमुळे नाही, पुस्तकामुळे. सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार पॅलेडियो याच्या वास्तुग्रंथाची इंग्रजी आवृत्ती त्याने १७१५ पासून हप्त्याहप्त्याने काढली, आणि तिकडच्या सरदारांना पॅलेडियोचं वेड लागायला ती चांगलीच कारणीभूत ठरली. गंमत अशी, की पॅलेडियोच्या नकाशांत त्याने स्वतःच्या हातचे फेरफार बिनदिक्कत केले होते. पुढे १७३८ मध्ये आयझॅक वेअरने मुळाबरहुकूम आवृत्ती काढली, तेव्हा लिओनीच्या या मोकळ्या हाताची चांगलीच चर्चा झाली. मला वाटतं, त्याच्या हवेल्या बघताना हीच गोष्ट लक्षात ठेवावी. शिकवण पॅलेडियोची, हात मात्र स्वतःचा. तो मोकळा हात कुठे जास्त दिसतो, यावर निवड करावी.

लाइम चेशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या कडेला आहे. मँचेस्टर पिकॅडिलीहून बक्स्टनची गाडी धरायची, डिझलीला उतरायचं आणि पुढे पायी. इथे लिओनीला कोरी जागा मिळालीच नाही. लेघ घराण्याची एलिझाबेथच्या काळातली वेडीवाकडी हवेली आधीच उभी होती. १७२० च्या दशकात त्याने तिला दक्षिणेकडून नवा चेहरा दिला: पंधरा खिडक्यांची रांग, मधोमध प्रचंड आयोनिक (माथ्याला वेटोळी असलेले) खांब, वर नेपच्यून, व्हीनस आणि पॅन यांचे शिशाचे पुतळे. फोटो सगळे याच बाजूचे निघतात. १९९५ मध्ये बीबीसीच्या एका गाजलेल्या मालिकेत नायकाचं घर म्हणून हीच बाजू झळकली आणि तेव्हापासून तळ्याकाठी गर्दी हटत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात लुईस वायट या वास्तुकाराने खांबांवरच्या त्रिकोणी शिखरामागे एक चौकोनी मनोरा चढवला. बांधकामावर विसरून राहिलेल्या खोक्यासारखा तो दिसतो.

माझं मत विचाराल तर लाइमला जायचं ते चौकासाठी. आपल्या वाड्यासारखा आत चौक आहे, पण चारही बाजूंना ओबडधोबड घडणीच्या दगडाच्या कमानींचा सोपा. जुन्या घराच्या चारही भिंती एकमेकींशी जुळत नव्हत्या, म्हणून लिओनीने खाली सगळीकडे एकसारख्या कमानी फिरवल्या आणि वरच्या मजल्यावर मात्र प्रत्येक बाजूला वेगळी मांडणी ठेवली. गुलाबी-पांढऱ्या दगडांची फरसबंदी, मध्ये इटालियन धाटणीची विहिरीची जगत, आणि वर दाराशी नेणारे दोन्ही अंगांचे जिने. उन्हं असतील तर आपण उत्तर इंग्लंडात आहोत हे क्षणभर विसरायला होतं. पाऊस असेल तर लगेच आठवतं.

क्लँडन पार्कची तऱ्हा वेगळी. हे गिल्डफर्डजवळ, सरे परगण्यात. वॉटर्लूहून क्लँडन स्टेशनपर्यंत थेट गाडी मिळते. १७३० च्या सुमारास ऑन्स्लो घराण्यासाठी लिओनीने जुनं पाडून पायापासून नवं बांधलं. बाहेरून लाल विटांचा ठोकळा, खरं सांगायचं तर रुक्ष. सगळी श्रीमंती आत, दोन मजले उंच असलेल्या संगमरवरी दालनात होती. शेकोट्यांवरचं शिल्पकाम रिसब्राकचं आणि छताचं गिलावाकाम आर्तारी-बागुत्ती यांचं. त्या छतातल्या काही मूर्तींचे पाय कडेवरून खाली लोंबत असत.

ते छत आता नाही. २९ एप्रिल २०१५ रोजी तळघरातल्या विजेच्या बोर्डात बिघाड होऊन आग लागली. घरातल्या पोकळ जागांमधून ती वर चढली आणि छप्परासकट मजले कोसळले. ‘स्पीकर्स पार्लर’ नावाची एक खोली मात्र जवळजवळ जशीच्या तशी वाचली. (या घराण्याने ब्रिटिश संसदेला तीन सभापती दिले, त्यांची ही खोली.) ही हवेली सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या वारसा-जतन संस्थेने आधी मुख्य दालनं पूर्ववत करायची ठरवली होती. २०२२ मध्ये बेत बदलला: उघड्या पडलेल्या भिंती तशाच राखायच्या, वर छप्पर घालायचं आणि लोकांना आतून फिरवायचं. यावर तिकडे बरंच वाजलं. मला तो निर्णय पटतो, कारण गिलावा गेल्यामुळे एरवी कुठल्याच हवेलीत न दिसणारं दिसतं. विटेच्या भिंतीत दडवलेल्या भार पेलणाऱ्या कमानी, तुळया जिथे खुपसल्या होत्या ती खोबणी, धुराड्यांचे मार्ग, गिलाव्याखालच्या जळक्या लाकडी पट्ट्या. नकाशात पॅलेडियोचं नाव घेणारा लिओनी प्रत्यक्षात इंग्रज गवंड्यांकडून कसं काम करून घेत होता, ते इथे उघडं पडलं आहे.

तेव्हा आईवडील सोबत असतील, मुलं असतील किंवा हरणं आणि डोंगरवाटाही हव्या असतील तर लाइम. क्लँडनला त्यांना नेलंत तर पडकं घर बघायला एवढ्या लांब आणलं का, हे ऐकावं लागेल. आर्किटेक्चर किंवा सिव्हिलचे विद्यार्थी असाल, जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करत असाल, तर डोळे मिटून क्लँडन. फक्त काम चालू असल्याने आत कधी सोडतात ते ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.

दोन्ही जमत नसेल आणि मुक्काम वायव्य लंडनमध्ये असेल तर मेट्रोपॉलिटन लाइनवर मूर पार्क ही हवेली आहे. साउथ सी कंपनीच्या शेअर्सच्या सट्ट्यात कमावलेल्या बेंजामिन स्टाइल्सने १७२० च्या दशकात जुन्या विटांच्या घराला पोर्टलंड दगडाचं कवच चढवून घेतलं. त्यात लिओनीचा वाटा किती आणि चित्रकार थॉर्नहिलचा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आता ते गोल्फ क्लबचं क्लबहाउस आहे, त्यामुळे आधी फोन करून परवानगी घ्या.