नैरोबीत मुक्काम: तंबू की हॉटेल?

नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ सालचं, सुमारे ११७ चौरस किलोमीटरचं, आणि शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर. त्यामुळे प्रश्न पडतोच: उद्यानाच्या झाडीतल्या तंबूत राहावं की शहरातल्या वेस्टलँड्स भागातल्या हॉटेलात?

तंबू म्हणजे हाल नव्हेत. पलंग असतो, सौर दिवे असतात, अंघोळीला बहुधा सांगून आणलेलं गरम पाणी. शहर सतराशे मीटरच्या आसपास उंचावर असल्याने जुलैत रात्री कुडकुडायला होतं, स्वेटर हवाच. खरा फायदा पहाटेचा. हॉटेलवाले ट्रॅफिकमधून फाटकाशी पोचेपर्यंत तुम्ही गेंडे किंवा सिंह शोधत असता, तेही मागे उंच इमारती दिसत असताना. (हत्ती मात्र इथे नाहीत.) प्लॅस्टिकची पाण्याची बाटली घरीच ठेवा, २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला उद्यानांत बंदी आहे.

हॉटेलात वायफाय, लिफ्ट, टॅक्सी. शिवाय वेस्टलँड्स-पार्कलँड्समध्ये गुजराती वस्ती जुनी, त्यामुळे शाकाहाऱ्यांची चंगळ.

बैठका असतील तर हॉटेलच घ्या; अंधार पडल्यावर तंबूतून उठून बाहेर जेवायला जाता येत नाही. एकच रात्र मोकळी असेल तर मी डोळे मिटून तंबू घेईन, खिसा जरा जास्त हलका झाला तरी.