ताडपत्री की पत्रा? उघड्यावरच्या लाकडासाठी

लाकूड बाहेर ठेवायचं ठरवलं असेल, तर पाया तुम्हाला माहीत असणारच. जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये सुकलेल्या पट्ट्या, त्याही एकाखाली एक, आणि टोकांना रंग किंवा मेण. वर काहीही घाला, एवढं करावंच लागतं. खरा घोळ त्यापुढे असतो : थप्पीवर ताडपत्री टाकायची की पत्रा? मी तीन पावसाळे ताडपत्री वापरली, सध्या पत्रा आहे. त्यामुळे माझं मत अगदीच निष्पक्ष आहे असं म्हणत नाही.

ताडपत्रीला उगाच नावं ठेवली जातात. थप्पी लहान-मोठी झाली तरी ती सामावून घेते, घडी घालून कोपऱ्यात राहते आणि उद्या लाकूड दुसरीकडे हलवायचं झालं तर तीही बरोबर येते. तिच्याखाली लाकूड घामेजतं ही तक्रार खरी आहे, पण ती बहुतेकदा बांधणाऱ्याची चूक असते. जमिनीपर्यंत गुंडाळली की लाकडातून निघणारी वाफ आतच कोंडते. फक्त माथा झाकला, मध्ये एक वासा आडवा टाकून उतार दिला आणि बाजू मोकळ्या सोडल्या, की वारा खेळतो. मी तसंच करत होतो आणि थप्पी ठीक होती. उन्हाने ताडपत्री घडीवर विरते, बारीक भोकं पडतात. ते गृहीतच धरायचं.

माझं बिनसलं ते एका फळीपायी. हवी असलेली फळी नेहमी तिसऱ्या थरात असते, का कोण जाणे. चार दोऱ्या सोडायच्या, ताडपत्री मागे सारायची. त्या दिवशी तिच्या खोलगट भागात पाणी साचलेलं होतं, ते सरळ थरांमध्ये ओतलं गेलं. फळी काढली, अंधारून आलं होतं, म्हणून ताडपत्री नुसती ओढून वर दोन विटा ठेवल्या. उद्या बांधू म्हटलं. तो उद्या पंधरा दिवसांनी आला. वरच्या दोन थरांत जिथे जिथे पट्टी टेकली होती तिथे निळसर काळे पट्टे उठले होते. या बुरशीने लाकडाची ताकद फारशी जात नाही, पण रंग आत मुरतो. रंधा मारत बसलो तरी निघाला नाही. त्याहून वाईट म्हणजे, लोंबणारा एक कोपरा जमिनीला टेकला होता आणि त्याच्या आड वाळवीची मातीची नळी विटेवरून थेट खालच्या वाशापर्यंत पोचली होती. उघड्यावर असती तर येता-जाता दिसली असती.

दोरी रोज न चुकता बांधणारी माणसं असतीलही. मी त्यातला नाही, एवढंच.

पत्र्याखालची फळी बाजूने ओढली की आली. वरचं काही हलवावं लागत नाही. मात्र पत्रा थेट लाकडावर ठेवू नका. पहाटे गार पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि टपकतं. वीतभर पोकळी, एका बाजूला उतार आणि चहूकडून फूट-दीड फूट बाहेर, एवढं लागतं. वाऱ्याने उचलू नये म्हणून तारेने खालच्या वाशांना आवळावा लागतो. पाऊस पडताना आवाज किती होतो, ते झोपायची खोली कुठे आहे त्यावर. लांब फळ्या आल्या की मात्र पत्रा तोकडा पडतो आणि तिथे ताडपत्रीच जिंकते.

तिरप्या पावसाने कडा भिजतात, हा पत्र्यावरचा नेहमीचा आक्षेप. भिजतात खऱ्या. पण लाकूड सडायला आतल्या ओलीला साधारण 20 टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकावा लागतो. वरवर भिजलेली कड माझ्याकडे दोन दिवसांच्या उघडिपीत वाळते.

किडीसाठी झाकण निवडत असाल, तर दोघांकडूनही फार अपेक्षा नको. पिठासारखा बारीक भुसा पाडणारे भुंगेरे कोरड्या लाकडातही शिरतात, आणि त्यांना सालीलगतचा पांढरा भाग आवडतो. साल आणि पांढरा भाग आधीच काढलेला बरा. भुसा दिसला की ती फळी थप्पीतून बाहेर.

दोन-चार महिन्यांचा प्रश्न असेल आणि थप्पी मध्ये उघडायची नसेल, तर ताडपत्री घ्या, पत्र्याचा खटाटोप कशाला? पण ओलं लाकूड सुकवत असाल तर इंचभर जाडीला साधारण वर्ष हा जुना अंदाज आहे. दोन इंची फळ्या असतील तर दोन वर्षांत ती दोरी किती वेळा सोडाल, ते स्वतःला विचारून बघा.

माझी ताडपत्री अजून आहे. झड ज्या बाजूने येते तिकडे पत्र्याच्या कडेला पडद्यासारखी सोडतो, खालून वीतभर उघडी. उघडीप पडली की गुंडाळून पत्र्याखालीच ठेवतो.