एका अक्षराचा फरक असलेला ५ लिटरचा कुकर, गेल्या दिवाळीपासून वापरतेय

वास्तुशांतीला आलेला हा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, वरण-भात, बटाटे, कडधान्यं सगळं रोज यातच, त्यामुळे आता नीट लिहू शकते. नाव मुद्दाम देत नाही. खोका लाल-पांढरा, अक्षरांचं वळण सेम त्या मोठ्या कंपनीचं, मधलं एकच अक्षर वेगळं, आणि देणाऱ्यांनी ओरिजिनल समजूनच पैसे मोजलेले, याचंच जास्त वाईट वाटतं.

आधी चांगलं सांगते. बूड जाड आहे, भात खाली लागत नाही, तूरडाळ तीन शिट्ट्यांत मऊ. ज्याने बनवलाय त्याला भांडं बनवता येतं हे नक्की.

त्रास सगळा झाकणाचा. पावसाळ्याच्या आधीच रिंग कडक झाली, कडेने वाफ आणि डाळीचं पिवळं पाणी शेगडीवर, शिटी काही होईना. मोठ्या कंपनीची ५ लिटरची रिंग आणली तर ती किंचित जाड, झाकण फिरतच नाही. याची स्वतःची रिंग कुठल्याच भांड्यांच्या दुकानात नाही, खोक्यावर पत्ता म्हणून नुसतं शहराचं नाव. सर्व्हिस सेंटरवाल्याने झाकण उलटं करून बघितलं, म्हणाला ताई हा आमचा नाहीये. त्याचं काय चुकलं?

मग मी सेफ्टी व्हॉल्व्ह बघायला लागले आणि खरी भीती तिथे वाटली. कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत तापतं, शिटीचं भोक चोंदलं आणि वाफ अडली तर आतला दाब वाढत जातो, अशा वेळी व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफ सुटायला हवी. इथला व्हॉल्व्ह वितळेल का, कोणाला विचारणार? आयएसआयचा शिक्का छापलाय पण वर आयएस २३४७ हा कुकरच्या मानकाचा नंबर नाही, खाली सीएम/एल म्हणजे लायसनचा नंबर नाही. खऱ्या मालावर तो नंबर असतो, शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन कोणाचं ते लगेच दिसतं. घरगुती कुकरला हा शिक्का फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे.

छोट्या धंदेवाल्यांच्या पोटावर पाय नको असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात अशा फसव्या नावाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. नुसत्या रंगाचं म्हणाल तर २००३ मध्ये कोलगेटच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने लाल-पांढऱ्या डब्याची नक्कल पण थांबवली होती. आणि एवढं बूड जमतंय तर स्वतःच्या नावाने विका ना, पत्ता द्या, रिंगा ठेवा, मी स्वतः चार जणींना सांगेन घ्या म्हणून.

सध्या झाकण माळ्यावर टाकलंय आणि भांड्यात दूध तापवते. भांड्याला ४ स्टार, झाकणाला एकही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीये, कोणाकडे हाच कुकर असेल तर शिक्क्याखालचा नंबर आजच बघा, नसेल तर शिटी लावू नका.