नुरा कुस्तीवरचे दोन जुने विनोदी चित्रपट: आधी कोणता पाहावा?

निकाल आधीच ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि खासबाग मैदानात तसा नुसता संशय आला तरी कोल्हापूरचा जाणता प्रेक्षक खवळतो. अमेरिकेत मात्र याच प्रकाराचा उघड धंदा झाला आणि हॉलिवूडने त्यावर विनोदी चित्रपटही काढले. त्यांतल्या 'द वन अँड ओन्ली' (१९७८) आणि 'ऑल द मार्बल्स' (१९८१) या दोहोंपैकी एकासाठीच वेळ काढता येणार असेल, तर मी दुसरा सुचवेन.

कार्ल रायनर दिग्दर्शित 'द वन अँड ओन्ली'चा नायक अँडी याला खरे तर रंगभूमीवरचा थोर नट व्हायचे आहे. १९५०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये काम मिळेना, म्हणून तो आखाड्यात उतरतो आणि नाना सोंगे करून पाहत शेवटी सोनेरी केसांच्या, नटव्या मल्लाच्या रूपात लोकप्रिय होतो. सुरुवातीच्या दूरचित्रवाणीने घरोघरी पोहोचवलेल्या गॉर्जियस जॉर्ज या खऱ्या मल्लाची छाया या सोंगावर स्पष्ट दिसते. अँडीची भूमिका हेन्री विंकलर मनापासून करतो, आणि जीन सॅक्सने उभा केलेला कुस्त्या भरवणारा सिडनी तर फारच चोख आहे. परंतु अँडी इतका आत्मकेंद्री आहे की त्याच्या बडबडीवर हसता हसता त्याची पत्नी मेरी हिचीच कीव येऊ लागते. शिवाय कुस्ती येथे केवळ रंगमंचाला पर्याय म्हणून येते, तिच्यातले कसब चित्रपट फारसे उलगडत नाही.

ते कसब 'ऑल द मार्बल्स'मध्ये भरभरून आहे. रॉबर्ट ऑल्ड्रिच यांचा हा अखेरचा चित्रपट. आयरिस आणि मॉली या दोन स्त्री मल्लांची जोडी आणि त्यांचा व्यवस्थापक हॅरी हे तिघे एका जुनाट मोटारीतून ओहायोतल्या कारखान्यांच्या गावांमधून फिरतात, स्वस्त मोटेलांत राहतात, ठरलेल्या बिदागीसाठी हुज्जत घालतात, आणि गाडीत हॅरीची ऑपेराची टेप वाजत असते. पीटर फॉकने या हॅरीला लबाडी आणि माया अशा बेमालूम मिसळणीने रंगवले आहे की त्याचा राग धरवत नाही. व्हिकी फ्रेडरिक आणि लॉरीन लँडन या अभिनेत्रींना मिल्ड्रेड बर्क या एकेकाळच्या विश्वविजेत्या स्त्री मल्लाने तयार केले होते, आणि त्या तालमीचे चीज प्रत्येक पकडीत दिसते.

रीनो शहरातली अंतिम लढत तर डोळ्यांत तेल घालून पाहावी. पंच विकला गेलेला आहे, घड्याळ संपत आले आहे, आणि हॅरीने पैसे चारून ठेवलेला ऑर्गनवादक प्रेक्षकांना गायला लावतो आहे. अशा वेळी दोघी एकाच क्षणी प्रतिस्पर्धी स्त्रियांच्या अंगावरून कोलांटी घेतात आणि मागून विळखा घालून दोघींना पाठीवर आणतात. डाव कसा बसतो हे कॅमेरा लपवत नाही, म्हणूनच त्यात गुंतलेली अंगमेहनत खरी वाटते. नुरा कुस्तीतही पाठ मात्र खरीच आपटते, हे मला या लढतीने जितके पटवले तितके दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने पटवले नाही.

तरीही मुलाबाळांसह पाहायचे असेल तर निवड बदलावी. 'ऑल द मार्बल्स'मध्ये नग्नता आहे, शिवीगाळ आहे, आणि चिखलातल्या कुस्तीचा प्रसंग त्या दोघींइतकाच प्रेक्षकालाही अपमानास्पद वाटतो. त्या मानाने 'द वन अँड ओन्ली' सौम्य आहे आणि दीड तासाच्या थोडा पुढे जाऊन संपतो. अगदी लहान मुले असतील तर ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी नटांचा फॉरेन लीजनवरचा, म्हणजे परदेशी सैनिकांच्या फ्रेंच पलटणीवरचा, १९५०चा चित्रपट लावावा. त्यात कुस्ती निमित्तापुरतीच आहे, पण ठरलेली हार नाकारून अल्जीरियाला निघून जाणाऱ्या मल्लाला शोधायला निघालेली ही जोडगोळी मुलांना नक्की आवडेल.